भित्र्या नायकाचा विनोद आणि मराठी बालकथा

बालसाहित्यातील विनोदाचा विचार मराठीत जेव्हा जेव्हा झाला, तेव्हा तेव्हा तो प्रायः दोन मुलांभोवती फिरत राहिला. एक खोडकर, दुसरा धाडसी. खोडकर मुलाच्या उपद्व्यापांतून हसू निर्माण होते. धाडसी मुलाच्या पराक्रमात ते तोंडी लावण्यापुरते येते. उत्तर येत असूनही हात वर न करणारे, सहलीच्या आदल्या रात्री पोट दुखते म्हणून सांगणारे तिसरे मूल मराठी बालकथेत अगदीच नाही असे नाही; पण ते येते ते बहुधा दुसऱ्या कोणाच्या तरी हशाचे लक्ष्य म्हणून, किंवा कथेच्या अखेरीस शूर होऊन दाखवण्यासाठी. त्याच्या तोंडी निवेदन द्यावे, त्याच्या भीतीच्या आतून विनोद फुलू द्यावा आणि कथा संपली तरी त्याला भित्रेच राहू द्यावे, ही कल्पना मराठी बालकथेला फारशी मानवलेली दिसत नाही.

अमेरिकी बालसाहित्यात या तिसऱ्या मुलाला गेल्या अर्धशतकात स्वतःची जागा मिळाली आहे. ती जागा ज्या वाङ्मयप्रकारात मिळाली, त्याचा निर्देश प्रथम केला पाहिजे. साधारण सात ते दहा वर्षांच्या, नुकत्याच स्वतंत्रपणे वाचू लागलेल्या मुलांसाठी तिकडे ‘चॅप्टर बुक’ म्हणून ओळखली जाणारी पुस्तके निघतात. चित्रपुस्तक मागे पडलेले आणि कुमार-कादंबरी अजून झेपत नसलेली, अशा मधल्या पायरीवरचे हे वाचन. प्रकरणे लहान, अक्षर ठसठशीत, पानोपानी रेखाचित्रे, आणि एक प्रकरण संपले की आपण काहीतरी पुरे केले असे वाचणाऱ्याला वाटावे अशी बेताची लांबी. मराठीत या मधल्या पायरीला रूढ नाव नाही. नाव नसल्यामुळे या वयाच्या वाचकाचा वेगळा विचारही फारसा झालेला नाही. ‘बाल’ आणि ‘कुमार’ या दोन कप्प्यांच्या फटीत तो राहून गेला. आणि शाळा, शिक्षक, अंधार, अनोळखी माणसे, आईवडिलांचे आजारपण, मृत्यू या गोष्टींची भीती मुलाच्या मनात नेमक्या याच वयात एकत्र गोळा होत असते.

बेव्हर्ली क्लीअरी यांच्या ‘रामोना द ब्रेव्ह’ (१९७५) या पुस्तकात पहिलीत जाणाऱ्या रामोनाला घरात प्रथमच स्वतःची स्वतंत्र खोली मिळते. हट्टाने मिळवलेल्या या खोलीत रात्री तिला झोप येत नाही. पुस्तकातल्या गोरिलाच्या चित्राचीही तिला धास्ती वाटते. पण खोली हवी म्हणून आपणच धोशा लावला होता, तेव्हा आता भीती वाटते हे सांगायचे कोणत्या तोंडाने? पुस्तकातील विनोदाचे आणि वेदनेचेही मूळ या पेचात आहे. ज्यूडी ब्लूम यांच्या ‘अदरवाइज नोन ॲज शीला द ग्रेट’ (१९७२) मधील दहा वर्षांच्या शीलाला कुत्रे, पाणी, काळोख आणि विजांचा कडकडाट या साऱ्यांचे भय आहे, आणि हे भय लपवण्यासाठी ती अखंड फुशारक्या मारत असते. येथे निवेदन शीलाचेच असल्यामुळे तिच्या बढाया आणि त्यांच्या आड दडलेली घबराट या दोन्ही गोष्टी वाचकाला एकाच वेळी दिसतात. क्लीअरींच्या रामोनाकडे आपण जवळून पण बाहेरून पाहतो. शीला मात्र स्वतःच बोलते, आणि बोलता बोलता स्वतःला उघडे पाडते. भित्र्या मुलाच्या विनोदाच्या दृष्टीने हे निवेदनाचे स्थलांतर निर्णायक ठरले.

या परंपरेतील सर्वांत विचारार्ह नायक लेनोर लुक यांचा ॲल्विन हो हा होय. २००८ ते २०१४ या काळात त्याच्यावरची सहा पुस्तके प्रसिद्ध झाली. दुसरीत शिकणारा, चिनी वंशाच्या अमेरिकी कुटुंबातला हा मुलगा मॅसॅच्युसेट्स राज्यातील कॉन्कर्ड गावी राहतो. गावाची निवड सूचक आहे. १९ एप्रिल १७७५ रोजी अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धाच्या पहिल्या चकमकी लेक्सिंग्टनमध्ये आणि या कॉन्कर्डमध्ये झडल्या. इमर्सन, थोरो, हॉथॉर्न, लुइझा मे अल्कॉट ही मंडळी याच गावाशी निगडित. वॉल्डन तळेही येथलेच. जेथे शौर्याच्या आणि स्वावलंबनाच्या आख्यायिका दर कोपऱ्यावर उभ्या आहेत, अशा गावात लिफ्टला, बोगद्याला, पुलाला, विमानाला, ढगांच्या गडगडाटाला, बदली शिक्षकांना, काळोखाला आणि वासाबी नावाच्या जपानी तिखटाला घाबरणारा मुलगा लेखिकेने नांदायला पाठवला आहे.

ही भीतीची यादी क्षणभर निरखण्यासारखी आहे. विमान आणि वासाबी, काळोख आणि बदली शिक्षक ही नावे एकाच दमात, एकाच स्वरात घेतली जातात. त्यांत लहानमोठे काही नाही. प्रौढ माणूस आपल्या भीतींची प्रतवारी लावतो. काहींना समंजस म्हणतो, काहींना हास्यास्पद, आणि हास्यास्पद ठरवलेल्या लपवून ठेवतो. सात वर्षांच्या मुलाजवळ ही प्रतवारी नसते. वाचकाला हसू येते ते या सपाट यादीमुळे. आणि अनुभव खरा वाटतो तोही तिच्यामुळेच. भयाच्या बाहेर उभे राहून केलेली थट्टा येथे नाही. भयाचे स्वतःचे एक तर्कशास्त्र असते, आणि ते काटेकोरपणे शेवटपर्यंत चालवले की विनोद आपोआप उत्पन्न होतो, हे लुक यांना नेमके उमगले आहे. ॲल्विन आपत्तीसाठी एक वैयक्तिक संच जय्यत तयार ठेवतो. त्यात मदतीसाठी फुंकायची शिट्टी आहे, रक्तपिपासू पिशाच्चांसाठी लसूण आहे, दात साफ करण्याचा दोरा आहे. जो मुलगा इतका काळजीपूर्वक सज्ज होतो, त्याला पळपुटा कसे म्हणावे? भित्रा माणूस हा कल्पनाशक्तीचा धनी असतो. संकट येण्यापूर्वी शंभर वेळा तो ते पाहून आलेला असतो. ॲल्विनचा संच ही त्या कल्पनाशक्तीची वस्तुरूप नोंद आहे.

परंतु या पुस्तकांचे खरे बळ आणखी एका विसंगतीत आहे. ॲल्विन शाळेत बोलत नाही. त्याचा आवाज घरी चालतो, गाडीत चालतो, शाळेच्या बसमध्येसुद्धा चालतो. शाळेत पाऊल टाकले की बंद पडतो. मानसशास्त्राला ही अवस्था परिचित आहे आणि तिला नावही आहे, पण पुस्तक त्या नावाच्या आश्रयाला जात नाही. घरी हाच मुलगा ‘फायरक्रॅकर मॅन’ नावाचा गडगडाटी महावीर असतो. शाळेत ज्याच्या तोंडून शब्द फुटत नाही, तोच मुलगा पुस्तकभर अखंड बोलतो आहे, आणि तो बोलतो वाचकाशी. म्हणजे घराच्या उंबरठ्याबाहेर त्याचे बोलणे ऐकणारा, बसमधल्या गोंगाटात कानावर पडणारे नव्हे तर मनातले सारे ऐकणारा, वाचक हा एकटाच. त्याच्या शिक्षिकेला जे ठाऊक नाही ते आठ वर्षांच्या वाचकाला ठाऊक असते. प्रथमपुरुषी निवेदन येथे केवळ तंत्र म्हणून वापरलेले नाही, ते विश्वासाचे नाते म्हणून वापरले आहे. आणि ज्याने विश्वासाने आपले गुपित सांगितले त्याला हसणे वेगळे, त्याच्याबरोबर हसणे वेगळे. रेखाचित्रकार लेउएन फाम यांच्या चित्रांनीही हे नाते जपले आहे. त्यांचा ॲल्विन डोळे विस्फारून उभा असतो, पण केविलवाणा कधी दिसत नाही.

येथे एक गोष्ट ओझरती नोंदवली पाहिजे. चिनी वंशाचा मुलगा अमेरिकी शाळेत गप्प बसतो, हे चित्र वंशविषयक ठोकळेबाज समजुतीत सहज बसले असते. लेखिका ते बसू देत नाही. ॲल्विनचा धाकट्या बहिणीचा, ॲनिबेलीचा, निर्धास्त स्वभाव तिने शेजारीच उभा केला आहे. घरातला दंगा उभा केला आहे. मौनाचे खापर ती वंशावर फोडत नाही, घरावर तर मुळीच नाही. त्याला कारणच देत नाही. हे कारण न देणे मोठ्या वाङ्मयीन समजेचे लक्षण आहे.

पहिल्या पुस्तकात ॲल्विनला मानसोपचारतज्ज्ञाकडे नेले जाते, तो प्रसंग वानगीदाखल घेता येईल. ॲल्विनच्या वडिलांना राग आला की शेक्सपिअरच्या नाटकांतल्या शिव्या हासडण्याची सवय आहे, आणि मुलाने ती श्रवणभक्तीने उचलली आहे. उपचारासाठी समोर बसलेल्या व्यक्तीवर घाबरलेला ॲल्विन या चारशे वर्षांपूर्वीच्या शिव्यांचा भडिमार करतो. प्रसंग प्रहसनाचा आहे. पण स्वतःच्या शब्दांनी दगा दिला तेव्हा या मुलाला उसनी, भारदस्त, अर्थ नीटसा न कळणारी भाषा उपयोगी पडली, ही त्यातली मेख आहे. मुलांचे पाठांतर, मंत्र, बडबडगीत, नाटकातले संवाद यांचे भयाशी काय नाते असते याची चर्चा बालमानसाचे अभ्यासक करतील तेव्हा करोत. लुक यांनी ते दीड-दोन पानांच्या दंग्यात दाखवून ठेवले आहे.

आणि २०११ सालचे चौथे पुस्तक. येथे विषय थेट मृत्यूचा, अंत्यसंस्काराचा आहे. आजोबांचा जिवलग मित्र वारला आहे. आजोबा खचले आहेत. त्यांना सोबत हवी हे पाहून ॲल्विन, प्रेताच्या नुसत्या कल्पनेने गारठणारा ॲल्विन, आपण बरोबर येतो असे बोलून जातो. शब्द तोंडातून निघाल्यावर मग भीतीची खरी सुरुवात. बालसाहित्यात धैर्याची असंख्य उदाहरणे सापडतील, पण धैर्य हे भीतीच्या अभावातून न येता प्रेमामुळे झालेल्या एका बेसावध क्षणातून येते, हे इतक्या साधेपणाने क्वचितच सांगितले गेले असेल. त्या पुस्तकाच्या अखेरीलाही ॲल्विन शूर झालेला नसतो. पुढच्या पुस्तकात तो आपल्या सगळ्या भीतींसह पुन्हा हजर होतो.

आता मराठीकडे वळताना या प्रसंगाशेजारी सानेगुरुजींच्या ‘श्यामची आई’ (१९३५) मधील पोहण्याचा प्रसंग ठेवून पाहावा. तो प्रत्येक मराठी वाचकाच्या स्मरणात आहे. पाण्याला भिऊन श्याम लपून बसतो आणि आई त्याला मारून घराबाहेर, विहिरीकडे पाठवते. आपल्या मुलाला कोणी भित्रा म्हणू नये म्हणून. आईच्या माराखाली तिचे काळीज दिसते, हे त्या लेखनाचे सामर्थ्य निर्विवाद आहे. पण निवेदनाच्या अंगाने पाहिले तर काय दिसते? हा प्रसंग सांगतो आहे तो मोठा झालेला श्याम, आश्रमातल्या मित्रांसमोर, रात्रीच्या प्रार्थनेनंतर. पाणी कधीच ओलांडून झाले आहे. भीती उरलेली नाही, कृतज्ञता उरली आहे. भीतीला येथे स्वतःचा आवाज नाही. ती जिंकल्यानंतरच तिच्याविषयी बोलण्याची मुभा मिळाली आहे. मराठी बालकथेतील भयाचे चित्रण पुढे बराच काळ या निवेदकाच्या सावलीत वाढले असे म्हटल्यास ते वावगे ठरू नये. भीती म्हणजे ओलांडायची विहीर, आणि कथा सांगायची ती पलीकडच्या काठावरून.

भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे हा तर मुळातच पलीकडच्या काठावर जन्मलेला. फुरसुंगीचा हा काटकुळा पोरगा पिढ्यानुपिढ्या मुलांचा जीव की प्राण झाला, तो त्याच्या निर्भयतेमुळे आणि ‘ट्टॉक्’मुळे, आणि ते योग्यच झाले. ताम्हनकरांचा गोट्या, दिलीप प्रभावळकरांचा बोक्या सातबंडे यांचे गुण निरनिराळे असले तरी धास्तावलेल्या मुलाला त्यांच्यात स्वतःचा चेहरा सापडणार नाही. त्याला त्यांच्यात सापडतो तो हेवा वाटावा असा सवंगडी. सवंगड्याची गरज असतेच. आरशाचीही असते.

मराठी बालसाहित्याने भयाचा विनोद केला नाही असे मात्र कोणी म्हणू नये. विंदा करंदीकरांची पिशी मावशी आणि तिची भुतावळ, रत्नाकर मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’तली चेटकीण, ‘निम्मा शिम्मा राक्षस’मधला राक्षस ही त्याची ठळक उदाहरणे. भुताला, चेटकिणीला, राक्षसाला हास्यास्पद करून मुलाच्या मनातील भय हलके करायचे, ही त्या विनोदाची रीत. ती प्राचीन आहे, लोककथेतून आलेली आहे, आणि रंगमंचावर तिचा प्रत्यय जबरदस्त येतो. पण या रीतीत विनोदाचा विषय आहे भीतीचे आलंबन. भिणारा जीव विनोदाच्या कक्षेबाहेरच राहतो. शिवाय जी भीती राक्षसाचे रूप घेत नाही तिचे काय? हजेरीला ‘उपस्थित’ म्हणताना घसा कोरडा पडतो, त्या भीतीला शिंगे नसतात. बदली शिक्षकाला हडळीसारखे नाचवता येत नाही. आधुनिक बालपणाची भीती बहुतांशी या बिनशिंगाच्या जातीची आहे. तिचा विनोद करायचा तर आलंबन सोडून आश्रयाकडे, म्हणजे भिणाऱ्या मुलाकडेच जावे लागते. रसचर्चेतील ही जुनी परिभाषा येथे कामाला येते, हे रसचर्चा कालबाह्य मानणाऱ्यांनीही ध्यानात घ्यावे.

गंमत अशी की भिणाऱ्याच्या आतून येणारा विनोद मराठीला परका नाही. तो मराठीत विपुल आहे आणि श्रेष्ठ दर्जाचा आहे. फक्त तो प्रौढांना दिला गेला. चिं. वि. जोशी यांचा चिमणराव हा १९३० च्या दशकात अवतरलेला निवेदक घाबरट आहे, आपण घाबरट आहोत हे त्याला अर्धवट कळते, आणि त्या अर्धवट कळण्यातून मराठी विनोदातले काही उत्तम प्रसंग निर्माण झाले आहेत. शेजारी बेधडक गुंड्याभाऊ असला तरी वाचकाचे प्रेम चिमणरावावर. त्याने शूर व्हावे असे आजवर कोणा वाचकाने इच्छिले नसेल. मध्यमवर्गीय मराठी पुरुषाला त्याची भीती विनोदाच्या वाटेने बहाल केली गेली, आणि त्याच्या मुलाला मात्र ‘भिऊ नकोस’ एवढेच सांगण्यात आले. ॲल्विन होचा मराठी पूर्वज शोधायचा तर तो बालसाहित्यात सापडणार नाही, चिमणरावाच्या घरी सापडेल.

दुसरा दुवा अधिक जवळचा आहे. प्रकाश नारायण संतांच्या ‘वनवास’ (१९९४), ‘शारदा संगीत’ (१९९७), ‘पंखा’ (२००१) आणि ‘झुंबर’ (२००२) या चार पुस्तकांतून वावरणारा लंपन. आईवडिलांपासून दूर, सीमाभागातल्या गावी आजी-आजोबांकडे राहणारा हा मुलगा हुरहुरतो, धास्तावतो, गोष्टींचे भलतेच अर्थ लावतो, आणि हे सारे त्याच्याच खास बोलीत सांगतो. अस्वस्थ बालमनाची इतकी सूक्ष्म आणि इतकी हसवणारी भाषा मराठीत दुसरी नाही. तथापि हे लेखन वाङ्मयीन कथा म्हणून आले, वाङ्मयीन कथा म्हणून वाचले गेले, आणि त्याचा वाचक प्रामुख्याने प्रौढ राहिला. लंपनच्या वयाच्या मुलाला लंपन वाचायला देण्याचा विचार क्वचितच झाला. प्रौढ वाचकाला लंपनमध्ये आपले हरवलेले बालपण भेटते. पण आठ वर्षांच्या मुलाचे बालपण हरवलेले नसते. ते त्या क्षणी त्याच्या अंगावर आलेले असते. स्मरणरंजन त्याच्या काय कामाचे? तेव्हा मराठीजवळ आवाज आहे, विनोदाची रीत आहे, आणि तरीही सात ते दहा वर्षांच्या वाचकासाठी या दोहोंचा संयोग झाला नाही, हे वास्तव उरतेच.

याची मुळे भाषेतच काही अंशी शोधता येतील. ‘भित्रा’ हे मराठीत वर्णन नसून निवाडा आहे. ‘भित्री भागूबाई’ म्हणताना मुलाला भ्याड ठरवले जाते आणि त्याच श्वासात मुलींचाही निकाल लावला जातो. ‘भित्यापाठी ब्रह्मराक्षस’ ही म्हण तर राक्षसाचा दोष भिणाऱ्याच्या माथी मारून मोकळी होते. याउलट ‘चिंता’ आणि ‘काळजी’ हे प्रतिष्ठित शब्द. ते कर्त्या माणसाला शोभतात. कर्जाची चिंता, मुलीच्या लग्नाची काळजी. मुलाला ‘चिंता’ असू शकते हे मराठी वाक्यच कानाला चमत्कारिक लागते. मुलाला फार तर भीती वाटावी, आणि तीही बागुलबुवाची. धाकधूक, धसका, हुरहूर, कापरे, बुजरेपणा, भिडस्तपणा असे छटांनी समृद्ध शब्द भाषेत असताना बालकथेने त्यांतले फारच थोडे उचलले. मानसशास्त्राच्या परिभाषेने अलीकडे मुलाच्या चिंतेला मान्यता दिली आहे. पण परिभाषेने मान्य केलेली गोष्ट कथेने मान्य केली असे होत नसते.

या प्रकारच्या पुस्तकांवर दोन आक्षेप घेतले जाण्याची शक्यता आहे. पहिला असा की भित्रा नायक मुलांपुढे ठेवला तर मुले भित्री होतील. संस्कारवादी समीक्षेच्या चौकटीत हा आक्षेप स्वाभाविक आहे, परंतु त्याला अनुभवाचा आधार नाही. चिमणराव वाचून महाराष्ट्र घाबरट झाला नाही. भीती मुलाजवळ पुस्तकाच्या आधीपासून असते. पुस्तक तिला केवळ सोबत देते. दुसरा धोका अधिक सूक्ष्म आहे, आणि तो या पुस्तकांच्या कैवाऱ्यांकडूनच येतो. मुलाला शाळेची भीती वाटते? मग हे पुस्तक द्या. काळोखाची? मग ते. पुस्तकांची अशी औषधालयासारखी मांडणी अमेरिकेत पालक, ग्रंथपाल आणि समुपदेशक यांच्या व्यवहारात रुळलेली आहे, आणि मराठीत हे लेखन सुरू झाले तर ते याच पाटीखाली सुरू होण्याची भीती आहे. संस्काराच्या जागी समुपदेशन आले एवढाच फरक. दोन्हींत कथा नोकरीलाच. ॲल्विन हो वाचनीय आहे तो कोणाची भीती बरी करतो म्हणून नव्हे. उपचाराच्या खोलीत शेक्सपिअरच्या शिव्या देणारा नायक औषधाच्या बाटलीत मावत नाही, हीच त्याची थोरवी.

अर्थात ही पुस्तके निर्दोष नाहीत. मालिकेच्या गरजा हळूहळू नायकावर स्वार होतात. पहिल्या पुस्तकात जी भीतीची यादी अनावरपणे आली, ती पुढे ठरावीक खेळी बनते. प्रत्येक पुस्तकात नवे संकट, नवी यादी, नवा गोंधळ. शेवटच्या पुस्तकात ॲल्विनला विमानात बसवून चीनला नेले जाते, तेव्हा प्रवासवर्णनाची हौस भीतीच्या सूक्ष्म निरीक्षणावर मात करते. मुलींविषयीच्या विनोदात तर पहिल्यापासूनच सवंगपणाची झाक आहे, आणि एका डोळ्यावर पट्टी बांधणारी त्याची वर्गमैत्रीण फ्ली लेखिकेच्या सहानुभूतीमुळेच त्यातून तरून जाते. रेचेल व्हेल यांच्या ‘जस्टिन केस’ (२०१०) या दैनंदिनीच्या रूपातल्या पुस्तकात तिसरीतल्या मुलाची काळजी अधिक खालच्या पट्टीत, अधिक घरगुती स्वरात येते. मोठी संकटे तेथे जवळपास नाहीतच, आणि तरीही रोजच्या नोंदीनोंदीत जीव मुठीत धरलेला असतो. विनोदाच्या प्रतीने ॲल्विन सरस, संयमाच्या दृष्टीने जस्टिन.

मराठीत ही पुस्तके आणायची तर अनुवादकाची कसोटी लागेल, आणि ती शब्दकोशात सुटणारी नाही. ‘जस्टिन केस’ या नावातच ‘न जाणो, वेळ आलीच तर’ अशा अर्थाच्या इंग्रजी वाक्प्रचारावरची कोटी आहे. ती मराठीत मरणार. शेक्सपिअरच्या शिव्यांना मात्र मराठीत पर्याय आहे. गडकऱ्यांच्या नाटकांतील खलपुरुषांची आणि संगीत रंगभूमीवरील राजेमहाराजांची भाषा एखाद्या नाट्यवेड्या बापाच्या तोंडी घातली आणि ती मुलाने उचलली, तर तो मराठी ॲल्विन ‘नराधमा’, ‘पापात्म्या’ म्हणत डॉक्टरांवर तुटून पडू शकेल. पुस्तकांच्या शेवटी ॲल्विनच्या नजरेने लिहिलेला शब्दार्थांचा कोश असतो. तो भाषांतरित न करता नव्यानेच लिहावा लागेल, आणि त्या कामी भिडस्त, धसका, कापरे हे सारे विसरलेले शब्द परत बोलावता येतील. सहाही पुस्तकांच्या शीर्षकांत ‘ॲलर्जिक’ हा शब्द आहे. आपल्याला शाळेची भीती वाटते असे ॲल्विन शीर्षकात कबूल करत नाही. शाळा आपल्याला मानवत नाही, अंगावर उठते, असे वैद्यकीय थाटात जाहीर करतो. ‘ॲलर्जी’ मराठीत रुळला आहे आणि तो वापरला तरी चालेल. पण वैद्याने सांगितलेले पथ्य आणि मनाने धरलेली नावड या दोहोंना एकाच वेळी कवेत घेणारा एक शब्द मराठी स्वयंपाकघरात पिढ्यानुपिढ्या वापरात आहे : वावडे. शाळेचे वावडे, पुलाचे वावडे, काळोखाचे वावडे. आजीच्या तोंडचा हा शब्द सात वर्षांच्या मुलाने आपल्या बचावासाठी उचलला, तर त्याला भित्रा म्हणणाऱ्याची थोडी पंचाईतच होईल.